माळवदावरची माती

मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग गच्चीवरच भरली, कारण विषय गच्चीचाच होता. वरच्या मजल्यावरच्या तीन घरांत दर पावसाळ्यात गळतं. त्यातल्या एका काकांनी मागच्या वर्षी यूट्यूबवर बघून स्वतः वॉटरप्रूफिंगच्या केमिकलचे दोन हात मारले होते. पहिल्याच मोठ्या पावसात त्याचे पापुद्रे निघाले. तेव्हापासून सोसायटीत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, नीट शिकून आपणच करू, पैसे वाचतील. दुसरा म्हणतो, ज्याचं काम त्याला द्या. त्या दिवशी दुसऱ्या पक्षाने बोलावलेला कॉन्ट्रॅक्टर कोटेशन घेऊन आला होता. उपाय साधा होता: आहे त्या कोब्यावर विटांच्या तुकड्यांचा आणखी एक कोबा, त्यावर सिमेंटचा गिलावा, दहा वर्षांची गॅरंटी. इमारत ३२ वर्षांची आहे. असा कोबा तिच्यावर आधी दोनदा पडलेला आहे.

संध्याकाळी आजीला फोनवर हे सगळं सांगत होते. ती लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या एका गावात राहते. गळतीचा तिला फारसा धक्का बसला नाही. तिने एवढंच विचारलं, "आदलं काढणार हायत का त्याच्यावरच टाकणार?"

हा प्रश्न ती का विचारते हे मला माहीत आहे. माझ्या वयाच्या बहुतेकांना माहीत नसेल, कारण आमच्यापैकी बरेच जण त्या घटनेनंतर जन्मले. म्हणून हे लिहितेय.

*

मराठवाड्यात मातीच्या सपाट छताला माळवद म्हणतात. लाकडी खांब, त्यांच्यावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यांच्यावर लाकडाच्या चिपा नि पालापाचोळा आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात, आणि घर केवढं हे खणांतच सांगतात. उजेडासाठी छतात एक झरोका. भिंती दगडाच्या, मातीत बांधलेल्या, दोन-तीन फूट जाड.

ही घरं उन्हाळ्यात गार राहतात. लातूरचा मे ज्यांनी सिमेंटच्या घरात काढलाय त्यांना 'गार' या शब्दाची किंमत सांगायला नको. माळवदावर ज्वारी वाळत घालायची, पापड-कुरडया घालायच्या, रात्री अंथरुणं टाकायची. तिथूनच गावभर गप्पा चालायच्या.

पण माती गळते. वर्षभर पाऊस, ऊन, वारा, माणसांचे नि मांजरांचे पाय यांनी थर झिजतो, भेगा पडतात, गवत उगवतं. म्हणून मृग निघायच्या आधी घराघरातून एक काम चालायचं. बैलगाडीने पांढरी माती आणायची, टोपल्यांनी वर चढवायची, पसरायची, भिजवायची, चोपून बसवायची. याला कारागीर लागत नसे. खांब-तुळई बसवायला सुतार, भिंतीला गवंडी किंवा वडार, पण माळवदाची डागडुजी घरच्यांची. पुरुष माती वाहायचे, बाया पसरायच्या नि चोपायच्या. आजी लग्न होऊन आली तेव्हापासून दर साल हे काम करत होती आणि तिच्या सासूने त्याआधी केलं होतं.

यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नसे, कारण ती एका वर्षात दिसणारी नव्हती. जुनी माती कुणी काढत नसे. गळालं की वर टाकायची. बोट-दोन बोटं. पन्नास वर्षांत त्याचे दीड-दोन फूट होतात. भूकंपानंतर अभ्यासकांनी मोजलेल्या माळवदांत फूटभरापासून अडीच फुटांपर्यंतचे थर सापडले.

जरा हिशोब करू. दहा बाय दहा फुटांची एक खोली, तिच्यावर दीड ते दोन फूट चोपलेली माती. वजन भरतं साधारण सात ते नऊ टन. म्हणजे भरलेला एक ट्रक डोक्यावर उभा करून खाली माणसं झोपलेली. घरात अशा खोल्या तीन-चार.

*

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावं उशिरा झोपली होती. पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरची जमीन हलली. केंद्र किल्लारीजवळ, तीव्रता ६.२ च्या आसपास. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसं गेली.

जगाच्या मानाने ६.२ हा काही फार मोठा भूकंप नाही. माणसं मेली ती बहुतेक स्वतःच्या घराखाली. आणि हा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात, म्हणजे झोन १ मध्ये होता. दख्खनचं पठार म्हणजे हलणार नाही असा दगड, असं शास्त्रज्ञांनाही वाटायचं. (२००२ मध्ये झोन १ हा प्रकारच देशाच्या नकाशातून काढून टाकला. त्या नकाशात किल्लारी झोन ३ मध्ये गेली.) खरं तर वर्षभर आधी, १९९२ च्या ऑक्टोबरात, किल्लारीत छोटे-छोटे धक्के बसले होते. लोक घाबरले, काही दिवस बाहेर झोपले, मग आत आले. किती दिवस बाहेर झोपणार?

घरं का पडली याची तपासणी झाली तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. एक माळवदाचं वजन. भूकंपात घराला बसणारा आडवा हिसका घराच्या वजनाच्या प्रमाणात असतो. छत जितकं जड, तितका भिंतीवर जोर जास्त. दुसरी गोष्ट भिंतीच्या पोटातली. बाहेरून दोन फुटांची भक्कम दिसणारी भिंत आतून एक नसायची. दगडांचा एक पदर घराच्या आतल्या बाजूला, एक बाहेरच्या बाजूला, आणि मधे दगडगोटे नि माती. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा, या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार जाणारा लांब दगड क्वचितच असायचा. हादरा बसला की दोन पदर एकमेकांपासून सुटायचे, भिंतीला पोट यायचं आणि ती फुटायची. कित्येक ठिकाणी सुताराने उभी केलेली लाकडी चौकट जागेवर राहिली आणि भोवतीची दगडाची भिंत आत कोसळली.

या दोन चुकांचे मालक वेगळे आहेत, आणि मला या सगळ्यात तेच महत्त्वाचं वाटतं. माती घरच्यांनी टाकली होती, हौशी हातांनी, दर वर्षी, प्रेमाने. आरपार दगड न घालता भिंत उभी करणारा गवंडी मात्र पिढीजात कारागीर होता. तो त्याचं काम जाणत होता, त्याचे पैसे घेत होता. आपण करणारे आणि पैसे देऊन करून घेणारे, दोघंही एकाच छताखाली चुकले. शेकडो वर्षं जमीन हलली नव्हती, त्यामुळे चूक सांगणारं कुणी नव्हतं.

पुढे काही वर्षं मराठवाड्यात दगडालाच दोष दिला गेला. 'दगडाने मारलं' असं लोक म्हणत. दगडाच्या घरात झोपायला कुणी तयार नव्हतं. माझे काका तेव्हा बारावीत होते. ते सांगतात की दोन वर्षं ते अंगणातल्या पत्र्याखालीच झोपले, थंडीतही.

*

सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्याच्या दोन वाटा आमच्या सोसायटीतल्या दोन पक्षांसारख्या होत्या, फक्त प्रमाण अवाढव्य होतं.

पहिली वाट पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांची. ही गावं नव्या जागी हलवायची ठरलं. पंचवीस हजारांहून जास्त घरं कॉन्ट्रॅक्टरांनी आणि मदत करणाऱ्या संस्थांनी बांधून चावी हातात द्यायची. घराचा आकार जमिनीवरून ठरला: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. सरळ रेषेतले रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट. जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट जमीन लागली.

ही घरं इंजिनिअरांनी काढली होती आणि भूकंपात पडणार नव्हती. हे लहान यश नाही, त्याची टिंगल करणं मला पटत नाही. ज्याने घरातली चार माणसं ढिगाऱ्यातून काढली त्याला पुन्हा पडणार नाही असं घर हवं असतं, बाकी सगळं नंतर. पण मी शाळेत असताना अशा एका नव्या गावात मावशीकडे जायचे तेव्हा एक गोष्ट दिसायची. प्रत्येक घराला मागून काहीतरी जोडलेलं असायचं. गुरांसाठी पत्रा, चुलीसाठी आडोसा, ज्वारीच्या पोत्यांसाठी खोली. सरकारी नकाशात गुरं, चूल आणि ज्वारी बसली नव्हती. आणि ही जोडकामं कशाने केलेली? जुन्या गावातल्या ढिगाऱ्यातून आणलेल्या दगडांनी, मातीत बांधून, आरपार दगड न घालता. इंजिनिअरच्या घराला चिकटून जुनीच भिंत पुन्हा उभी. या भागाचा अभ्यास करणाऱ्यांनीही हे नोंदवलं आहे. चावी देताना भिंत कशी बांधायची हे द्यायचं राहून गेलं.

दुसरी वाट आमच्या गावाची. गाव पडलं नव्हतं, तडकलं होतं. अशा, कमी-जास्त नुकसान झालेल्या घरांची संख्या १३ जिल्ह्यांत मिळून दोन लाखांच्या जवळपास होती. एवढी घरं कॉन्ट्रॅक्टर लावून दुरुस्त करणं शक्यच नव्हतं. म्हणून मग ठरलं की घरमालकाने स्वतः दुरुस्ती करून घ्यायची. सरकार टप्प्याटप्प्याने पैसे आणि सामान देणार, ज्युनिअर इंजिनिअर येऊन काम बघणार, टप्पा नीट झाला की पुढचा हप्ता.

लोकांना हे सुरुवातीला अजिबात आवडलं नाही. बाजूच्या गावाला नवंकोरं घर आणि आम्हाला डागडुजी? 'आमचंही गाव हलवा' अशा मागण्या खूप झाल्या. शिवाय दुरुस्ती म्हणजे त्याच दगडात राहणं. त्यामुळे पैसे मिळाले तेव्हा बहुतेकांनी जुनं घर मजबूत करण्याऐवजी अंगणात विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली, कॉलम-स्लॅबची. त्या खोलीत झोपायचं आणि जुन्या घरात बाकी सगळं. जुनं घर खरोखर आतून सुधारणारे थोडे. आमचे आप्पा, म्हणजे आजोबा, त्या थोड्यांतले निघाले. कारण फार थोर नव्हतं. अंगणात जागा नव्हती.

*

लोकांनी आपलं आपण करायचं असं सरकारने ठरवलं खरं, पण दोन लाख घरांत शिकवायला जाणार कोण? इंजिनिअर मोजके, बरेचसे पंचविशीतले, आणि ते घरातल्या पुरुषाशी बोलून निघून जात. इथे स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आली. प्रेमा गोपालन यांनी सुरू केलेली. सरकारने तिला लोकसहभागाचं काम दिलं आणि गावोगावी बायांमधून 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. महिला मंडळं जमवायची, योजना समजावून सांगायची, काम बघायचं, अडलं की इंजिनिअरपर्यंत पोचवायचं.

हे आज वाचताना सरळ वाटतं. १९९४-९५ च्या मराठवाड्यात बाईने सिमेंट-वाळूचं प्रमाण विचारणं सरळ नव्हतं. गवंड्याला ते आवडत नसे. पण घरात दिवसभर असायची तीच. बांधकामावर पाणी मारणार तीच, आणि ते पाणी हापशावरून आणणारही तीच. काँक्रीटला सात-आठ दिवस ओलं ठेवलं नाही तर ते वरून टणक नि आतून भुसभुशीत राहतं, ही गोष्ट गवंड्याने कधी तिला सांगितली नव्हती. सांगायची गरज त्याला वाटली नव्हती. आजी त्या बैठकांना जायची. तिला लिहिता येत नाही, पण तिने तिथे ऐकलेलं अजून तोंडपाठ आहे: किती पाट्या वाळूला किती सिमेंट, सळईला आकडा का, पाणी किती दिवस.

मग आमच्या घरात काय झालं ते आजीकडून, काकांकडून तुकड्या-तुकड्यांत ऐकलेलं सांगते.

आधी माती उतरवली. चार माणसं, आठवडाभर. थर निघत गेले तसे रंग बदलत गेले, म्हणते आजी. वरची पांढरी, खालची राखाडी, अगदी तळाशी कुजलेल्या पानांची काळी. तिने स्वतः टाकलेली माती कुठे संपली आणि सासूची कुठे सुरू झाली हे तिला कळलं असं ती सांगते. मला ते थोडं सजवलेलं वाटतं, पण मी वाद घालत नाही. सगळी माती शेतात टाकली. छतावर मग पत्रे घातले. उन्हाळ्यात त्या पत्र्यांना आजी रोज शिव्या देते.

मग भिंत. गावच्या गवंड्याने सरकारी प्रशिक्षण घेतलं होतं. तीन-चार फुटांच्या अंतराने भिंतीतला एकेक दगड अलगद काढायचा, पहारीने मधली माती खरवडून पलीकडचा दगडही काढायचा, आरपार भोक पडलं की त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. तो काँक्रीटचा दगड मग भिंतीचे दोन्ही पदर धरून ठेवतो. दाराच्या वरून घराला चहूबाजूंनी सिमेंटचा एक पट्टा. खांब आणि तुळई जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत तिरके लाकडी आधार, ते सुताराने केले.

यातलं कुठलं काम 'आपण केलेलं' आणि कुठलं 'करून घेतलेलं' हे मला सांगता येत नाही. भोकं गवंड्याने पाडली. किती नि कुठे पाडायची हे इंजिनिअरने खडूने आखलं. पण तीन भोकं त्याने कमी पाडली होती, बहुधा कंटाळून, आणि ती आजीने मोजून काढली. गवंडी म्हणाला, "आज्जे, तुला काय कळतंय त्यातलं." आजी म्हणाली, "मला मोजता येतंय की." तीन भोकं पडली. आप्पा या सगळ्यात शेतात होते.

*

२००१ च्या जानेवारीत कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या गावांतल्या काही बाया आणि गवंडी तिकडे गेले, आपल्याकडे काय झालं ते सांगायला. गुजरातने पुढे घरमालकाने स्वतः बांधायचं हाच मुख्य मार्ग ठेवला. त्याची कारणं बरीच आहेत आणि सगळं श्रेय किल्लारीला देणं बरोबर नाही. पण गावं उचलून दुसरीकडे नेल्याने काय होतं हे एव्हाना लोकांनी पाहिलं होतं.

आमच्या घराच्या भिंतीवर ते काँक्रीटचे ठिपके अजून दिसतात, दगडांच्या मधे फिकट करड्या रंगाचे. लहानपणी मला वाटायचं ती डिझाइन आहे. भाऊ त्यांच्यावर चेंडू मारून पॉइंट मोजायचा. गावात आता नवी घरं सगळी कॉलमची. ज्यांना भोकं पाडायला शिकवलं होतं ते गवंडी म्हातारे झाले किंवा गेले, आणि त्यांची मुलं पुण्या-मुंबईत टाइल्स बसवतात. जुन्या गावठाणात काही माळवदं अजून उभी आहेत. काहींवर अजूनही मे महिन्यात माती चढते. त्या घरांत राहणारी माणसं गरीब आहेत किंवा एकटी आहेत. उन्हाळा मात्र तीच सुखाने काढतात.

*

तर आमची गच्ची. आजीच्या प्रश्नानंतर मी जरा वाचलं, एका ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला फोन केला. विटांच्या तुकड्यांचा कोबा सरासरी चार-साडेचार इंचांचा धरला तर चौरस मीटरला दोनशे किलोच्या पुढे जातो. आमची गच्ची साधारण २५० चौरस मीटर. एक थर म्हणजे पन्नास टन. आमच्याकडे मूळचा एक, त्यावर दोन, आता तिसरा येणार होता. तो म्हणाला, जुन्या इमारतींवर थरावर थर टाकलेले नेहमी दिसतात, कारण फोडून काढायला खर्च येतो, मलबा उतरवावा लागतो, आवाज होतो, आणि कोटेशन वाढलं की काम दुसऱ्याला जातं.

पुढच्या रविवारी कॉन्ट्रॅक्टर पुन्हा आला. मी विचारलं, "जुना कोबा काढणार का?" तो चांगला माणूस आहे, वीस वर्षं हेच काम करतोय. म्हणाला, "मॅडम, काढायला कुणी सांगतच नाही. काढायचा तर दर वेगळा पडेल." यूट्यूबवाले काका म्हणाले, मग मीच सांगत होतो ना, कोबाच नको, वरून केमिकल मारू. त्यांच्या केमिकलला वजन नसतं हे खरं आहे. पण गळती नेमकी कुठल्या थरातून होते हे त्यांनाही माहीत नव्हतं. पाणी खालच्या दोन थरांच्या मधेही साचलेलं असू शकतं.

शेवटी ठरलं की आधी एका कोपऱ्यात दोन फूट बाय दोन फूट जागा स्लॅबपर्यंत फोडून बघायची. खर्च सोसायटीचा. फोडताना मी, काका आणि कॉन्ट्रॅक्टरचे दोन कामगार असे चौघं होतो. काका टेप धरून बसले होते. सगळ्यात वरचा थर साडेतीन इंच निघाला, मधला पाच, खालचा चार. मधल्या थरातून ओल येत होती. मी प्रत्येक थराचा फोटो काढून आजीला पाठवला. तिच्या फोनवर तो काकांच्या मुलाने उघडून दिला.

उत्तर आलं व्हॉइस मेसेजमध्ये. "खालपर्यंत काढा म्हणावं," आणि मग मागून भांड्यांचा आवाज.